मिठागरीण इतिवृत्त लिहिते

म्हापशात, शुक्रवारच्या बाजाराकडे पाठ करून
पार्सेकरांचा छापखाना होता.
लग्नपत्रिका, मिसाची पत्रकं, काजूच्या पावत्या,
आणि चौसष्ट साली, कुणी सांगितलं नव्हतं तरी,
'मांडवीचे पाच'.

सगुणबाब पार्सेकरांना कुणा तारवट्यानं
बोटीवरचं एक फाटकं चित्रपुस्तक दिलेलं:
मुखवटे घातलेली माणसं, गोल टेबल.
काय बोलतात, कुणाला कळेना.
सगुणबाब म्हणाले, बैठक आहे,
आपल्या गावकारांची असते तशी.

म्हणून आपलेही टेबलाभोवती बसले,
कळंगुटच्या एका तावेर्नात.
मानसकार, खाजनाच्या दारात उभा राहून
एका हातानं भरती थोपवणारा.
रेंदेर, एका उडीत माडाचा शेंडा, दुसरीत ढग.
पदेर, ज्याच्या काठीची घुंगरं
चोराच्या कानात तीन दिवस वाजत राहत.
तारवट्याची खुर्ची मात्र रिकामी.
तो मोंबासाला. दर अंकात त्याची तार:
'पुढल्या खेपेला पोचतो.'

आणि मिठागरीण. ती बघेल त्या लोखंडाचं मीठ होई.
तिला काम दिलं, इतिवृत्त लिही.

मी अकरा वर्षांचा, पानं दुमडायचो,
शंभराला दहा पैसे.
ठसे बेळगावच्या मोटारीनं यायचे. रंग दोनच, लाल आणि निळा.
पिवळा परवडत नव्हता,
आमच्या मिठागरात ऊन निळं पडायचं.

मानसकार लिबेरात काढी,
जो एरवी देवळीतल्या सांतांची नाकं रंगवी.
रेंदेर आणि पदेर मांद्रेकर मास्तरांचे.
दोघांचं पटत नसे,
म्हणून पाच जण पहिल्या पानावर भेटत, नि शेवटच्या.
मधली सोळा पानं ज्यानं त्यानं एकट्यानं लढायचं.
पेडण्याहून एका मुलानं पत्र टाकलं,
हे एकमेकांच्या मदतीला का जात नाहीत?
सगुणबाब म्हणाले, कळव, पावसामुळे फेरी बंद.

फुग्यांतली अक्षरं एश्कोलास्तिकाबाय लिही,
छापखान्याचा हिशेबही तीच.
मराठी ती लग्नपत्रिका तपासता तपासता शिकलेली,
त्यामुळे आमचे वीर संकटावर
'सहकुटुंब सहपरिवार' धावून येत.

सहाव्या अंकात एक राक्षस मुरगावचं बंदर गिळतो.
तिघे हरतात. तार येते.
शेवटच्या चौकटीत मिठागरीण, मान खाली, वही पुढ्यात.
फुगा कोरा राहिलेला, सगुणबाब जेवायला गेलेले.
बायनं टाक बुडवला:
'आज बंदर मी सोडवलं.
बाकीचे हजर होते.'
हे कळलं तेव्हा तीनशे प्रती गेल्या होत्या.
पुढं बाजारात भाजीवाल्या
मापात घोळ दिसला की म्हणू लागल्या,
बाकीचे हजर होते गो.

मग सहासष्टचा डिसेंबर. जनमत कौल.
यंत्राला झोप नाही.
मास्तर फूल काढत, विलिनीकरणाचं.
लिबेरात दोन पानं काढी.
दोघांची पाठ एकमेकांना टेकलेली, जागाच तेवढी होती,
आणि शाईचा डबा एक.
नवव्या अंकाची पाटी कोपऱ्यात धूळ खात पडली.
कौल लागला. त्या सोमवारी दोघेही कामावर आले,
बोलले नाहीत. मास्तर चैत्रात सावंतवाडीला गेले.
ठसे कासारानं वजनावर नेले.

एक कच्चा छाप माझ्याकडे उरला, नवव्याचं पहिलं पान.
टेबल आहे, खुर्च्या आहेत.
आपापले वीर काढायला कुणी आलंच नाही.
मिठागरीण बायनंच काढली असावी,
बोटं जरा जास्त झालीत, सहा.
दारात तारवटी, खांद्यावर पिशवी,
अंगात मोंबासाचा कोट.
विचारतो, सगळे कुठं गेले?

ती मान वर करत नाही.
'बस. हजेरी घेते,' म्हणते.
'दोन.'